कोपरातील अल्नर चेतेच्या दाबावरील शस्त्रक्रिया

कोपराच्या आतल्या बाजूने जाणाऱ्या अल्नर या चेतेवर (नसेवर) सतत दाब पडल्यास किंवा ती वारंवार ताणली गेल्यास हाताला बधिरता व दुबळेपणा येतो. या विकाराला ‘क्युबिटल टनेल सिंड्रोम’ असे म्हणतात. चेतेवरील हा दाब दूर करण्यासाठी केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियांचा आढावा या लेखात घेतला आहे. ‘क्युबिटल’ हा शब्द कोपर या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला असून ‘टनेल’ म्हणजे बोगदा. हाड, अस्थिबंध आणि स्नायू यांच्या मधून चेता ज्या अरुंद वाटेने जाते, त्या वाटेला हे नाव मिळाले आहे. वरच्या अवयवातील चेतांवर दाब पडून होणाऱ्या विकारांत मनगटातील कार्पल टनेल सिंड्रोमनंतर या विकाराचा दुसरा क्रमांक लागतो.

सौम्य विकार पुष्कळदा शस्त्रक्रियेविना आटोक्यात येतो. बधिरता कायम राहू लागली, पकड सैल झाली किंवा हाताचे स्नायू झिजू लागले, की शस्त्रक्रियेचा विचार केला जातो. शस्त्रक्रियेच्या अनेक पद्धती प्रचलित आहेत. मात्र रुग्णाला किती लाभ होईल हे पद्धतीपेक्षा शस्त्रक्रियेच्या वेळी चेता किती निकामी झालेली आहे यावर अधिक अवलंबून असते.

शरीररचना

अल्नर चेता मानेतील आठव्या व छातीतील पहिल्या मेरुचेतेच्या मुळांपासून निघते. काखेतून ती दंडाच्या आतल्या बाजूने खाली उतरते. दंडाच्या मध्याच्या सुमारास ती पुढच्या व मागच्या स्नायूंना विभागणारा चिवट पडदा भेदून मागच्या बाजूस जाते. दंडात ती कोणत्याही स्नायूला शाखा देत नाही. कोपराशी आल्यावर ती दंडाच्या हाडाच्या आतल्या बाजूचा उंचवटा आणि कोपराचे टोक यांच्यामधील खोबणीतून जाते. येथे तिच्यावर त्वचा व थोडी चरबी एवढेच आच्छादन असते. कोपर कडेला आपटल्यावर करंगळीपर्यंत वीज चमकल्यासारखी जी कळ जाते, ती याच ठिकाणी चेतेला बसलेल्या धक्क्याने जाते.

या बोगद्याचा तळ सांध्याचे आवरण व आतल्या बाजूचा अस्थिबंध यांनी बनतो. छत म्हणून एक आडवा तंतुमय पट्टा असतो. त्यास ‘ऑस्बोर्नचा अस्थिबंध’ म्हणतात. त्यापुढे मनगट वाकवणाऱ्या एका स्नायूच्या दोन शिरांमधून चेता अग्रबाहूत शिरते. तेथे ती या स्नायूला आणि अनामिका व करंगळी यांची टोके वाकवणाऱ्या खोल स्नायूच्या अर्ध्या भागाला शाखा देते. तळहातात ती करंगळीखालच्या मांसल भागाचे स्नायू, बोटे पसरवणारे व जवळ आणणारे स्नायू आणि अंगठा तळहाताकडे ओढणारा स्नायू यांना चालना देते. करंगळी, अनामिकेची करंगळीकडची बाजू आणि हाताच्या त्या बाजूची त्वचा यांची संवेदनाही हीच चेता मेंदूकडे नेते.

लेखणी धरणे, किल्ली फिरवणे, गुंडी लावणे, सुईत दोरा ओवणे, वाद्याच्या पट्ट्या किंवा तारा दाबणे अशी बारीक कामे हाताच्या या लहान स्नायूंवर अवलंबून असतात. त्यामुळे कोपराजवळच्या एका अरुंद जागेतील बिघाड संपूर्ण हाताचे कौशल्य हिरावून घेऊ शकतो.

दाबाची ठिकाणे व कारणे

कोपराच्या परिसरात चेता पुढील पाच ठिकाणी अडकू शकते.

१. कोपरापासून सुमारे ८ सेंटिमीटर वर, ‘स्ट्रुथर्सची कमान’ या नावाने ओळखला जाणारा तंतुमय भाग.
२. दंडातील स्नायूंना विभागणाऱ्या पडद्याची कडा.
३. हाडाच्या उंचवट्यामागील खोबण.
४. ऑस्बोर्नचा अस्थिबंध व त्याखालील बोगदा.
५. मनगट वाकवणाऱ्या स्नायूच्या दोन शिरांमधील वाट व तिच्या पुढील खोल आवरण.

यांपैकी शेवटच्या दोन जागी चेता अडकण्याचे प्रमाण सर्वांत जास्त आहे. कोपर सरळ असताना बोगदा ऐसपैस असतो. कोपर वाकवले की छताचा पट्टा ताणला जातो, तळाचा अस्थिबंध वर फुगतो आणि बोगदा चपटा होतो. शिवाय चेता सांध्याच्या मागून जात असल्यामुळे कोपर वाकताना तिला काही मिलिमीटर ताणले जावे लागते. म्हणजे वाकलेल्या कोपरात चेतेवर बाहेरचा दाब आणि स्वतःचा ताण असे दोन्ही एकाच वेळी येतात. उशाखाली हात मुडपून झोपणे, बराच वेळ फोन कानाशी धरणे, टेबलाच्या किंवा वाहनाच्या खिडकीच्या कडेवर कोपर टेकवून ठेवणे या सवयींनी त्रास वाढतो, तो यामुळेच.

सांध्याचा संधिवात, हाडाची वाढलेली टोके, गाठ, जन्मतः असलेला एखादा अतिरिक्त स्नायू आणि जुना अस्थिभंग ही अन्य कारणे आहेत. लहानपणी कोपराच्या बाहेरच्या बाजूचे हाड मोडून ते नीट न जुळल्यास हात वाढीबरोबर कोपरात बाहेर झुकत जातो. त्यामुळे आतल्या बाजूची चेता वर्षानुवर्षे ताणली जाते आणि मूळ दुखापतीनंतर कित्येक वर्षांनी, कधी दशकांनी, हात दुबळा होऊ लागतो. यास ‘विलंबित अल्नर घात’ म्हणतात. काही व्यक्तींत कोपर वाकवताना चेता खोबणीतून निसटून उंचवट्यावर येते व सरळ करताना परत जाते. या घर्षणानेही ती दुखावू शकते. मधुमेहासारख्या विकारांत चेता आधीच नाजूक झालेल्या असल्याने थोडा दाबही बाधतो.

दाबाचा पहिला परिणाम चेतेच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांवर होतो. या टप्प्यावर लक्षणे येऊन-जाऊन असतात. दाब टिकून राहिला की अक्षतंतूंभोवतीचे मायलिनचे आवरण झिजते व संदेशांचा वेग मंदावतो. अखेरीस अक्षतंतूच नष्ट होतात आणि ज्या स्नायूंना ते चालना देत होते ते स्नायू वाळू लागतात. पहिले दोन टप्पे बहुतांशी भरून येणारे असतात. तिसरा टप्पा पूर्णपणे भरून येईलच असे नाही.

लक्षणे

करंगळी व अनामिका यांत मुंग्या येणे हे सर्वसाधारणपणे पहिले लक्षण असते. रात्री किंवा कोपर बराच वेळ मुडपल्यावर हा त्रास वाढतो आणि हात सरळ करून झटकल्यावर कमी होतो. पुढे बधिरता टिकून राहते. कोपराच्या आतल्या बाजूस दुखते. पण वेदना हे या विकाराचे अपरिहार्य लक्षण नाही. काही रुग्णांत वेदना जवळजवळ नसते. असे रुग्ण स्नायू झिजल्यावरच वैद्यकीय सल्ला घेतात आणि तोपर्यंत बराच काळ निघून गेलेला असतो.

स्नायूंच्या दुर्बलतेमुळे वस्तू हातातून निसटणे, बरणीचे झाकण न उघडणे, अक्षर बिघडणे अशा तक्रारी उद्भवतात. करंगळी इतर बोटांपासून दूर राहते व खिशात हात घालताना बाहेर अडकते. हे ‘वार्टेनबर्गचे चिन्ह’ होय. अंगठा व तर्जनी यांमधील हाताच्या मागच्या बाजूचा मांसल भाग खोलगट दिसू लागतो. तीव्र अवस्थेत अनामिका व करंगळी आकड्यासारखी वळतात.

बोटांच्या या वळण्याबाबत एक विसंगती आढळते. चेता मनगटाशी निकामी झाल्यास बोटे अधिक वळतात, तर कोपराशी निकामी झाल्यास तुलनेने कमी. कोपराशी इजा झाल्यास बोटांची टोके वाकवणारा खोल स्नायूही दुबळा होतो, म्हणून टोके कमी वळतात. शस्त्रक्रियेनंतर चेता भरून येऊ लागली की हा खोल स्नायू आधी सावरतो आणि काही काळ बोटे पूर्वीपेक्षा अधिक वळलेली दिसू शकतात. ते बिघाडाचे नसून सुधारणेचे लक्षण असते.

निदान

निदानाचा पाया रुग्णाची हकीकत व प्रत्यक्ष तपासणी हाच आहे. कोपरामागील चेतेवर बोटाने हलके टिचकी मारल्यास करंगळीकडे झिणझिण्या जाणे (टिनेलचे चिन्ह) आणि कोपर पूर्ण वाकवून काही वेळ धरल्यावर मुंग्या येणे या दोन चाचण्या केल्या जातात. निरोगी व्यक्तींतही त्या कधीकधी सकारात्मक येतात. म्हणून केवळ त्यांवर निदान ठरवत नाहीत.

‘फ्रोमांचे चिन्ह’ पाहण्यासाठी रुग्णाला अंगठा व तर्जनीची कडा यांमध्ये कागद धरण्यास सांगून तो कागद ओढला जातो. अंगठा ओढणारा स्नायू दुबळा असल्यास कागद धरून ठेवण्यासाठी रुग्ण नकळत अंगठ्याचे टोक वाकवतो. कारण टोक वाकवणारा स्नायू दुसऱ्या, म्हणजे मीडियन, चेतेवर चालतो.

हाताच्या मागील बाजूची संवेदना तपासणे महत्त्वाचे असते. त्या भागाला जाणारी शाखा मनगटाच्या वरच वेगळी होते. त्यामुळे तेथील संवेदना शाबूत असेल तर दोष कोपरात नसून मनगटातील ‘गियाँच्या मार्गात’ असण्याची शक्यता वाढते. मानेतील चकती सरकून मुळांवर आलेला दाब आणि छातीच्या वरच्या टोकाशी असणारे दाबही अशीच लक्षणे देऊ शकतात.

चेतासंवहन चाचणीत विजेच्या सूक्ष्म धक्क्याने चेतेतील संदेशांचा वेग मोजतात. कोपराच्या पट्ट्यात हा वेग सेकंदाला ५० मीटरपेक्षा कमी असणे, किंवा कोपराखालील भागाच्या तुलनेत १० मीटरहून अधिक घटणे, हे दाबाचे निदर्शक मानले जाते. स्नायूंच्या विद्युत आलेखावरून अक्षतंतूंची हानी कितपत झाली आहे हे कळते. आरंभीच्या अवस्थेत या चाचण्या निर्दोष येऊ शकतात. सोनोग्राफीत सुजलेली चेता किंवा तिचे निसटणे दिसते. जुना अस्थिभंग किंवा संधिवात असल्यास क्ष-किरण चित्र काढले जाते.

तीव्रतेची वर्गवारी करण्यासाठी मॅकगोवन यांनी १९५० मध्ये मांडलेल्या तीन श्रेणी आजही वापरल्या जातात: पहिल्या श्रेणीत केवळ संवेदनेचा बिघाड, दुसऱ्या श्रेणीत स्नायूंची दुर्बलता, आणि तिसऱ्या श्रेणीत हातातील लहान स्नायूंचा घात व तीव्र झीज.

शस्त्रक्रियेविना उपचार

लक्षणे सौम्य व अधूनमधून असल्यास प्रथम सवयी बदलण्याचा सल्ला दिला जातो. कोपर टेकवणे टाळणे, कोपराखाली मऊ गादी ठेवणे, फोनसाठी कानात घालण्याचे साधन वापरणे हे त्यातील साधे उपाय आहेत. रात्री कोपर पूर्ण मुडपू नये यासाठी सैल पट्टी बांधतात किंवा कोपराभोवती टॉवेल गुंडाळतात. स्वीडनमध्ये केलेल्या व २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सौम्य व मध्यम त्रास असलेल्या रुग्णांची तुलना करण्यात आली. विकाराचे स्वरूप व टाळायच्या हालचाली नीट समजावून सांगितलेल्या रुग्णांपैकी बहुसंख्यांना आराम पडला; रात्रीची पट्टी किंवा चेतेचे व्यायाम यांनी त्यात विशेष भर पडली नाही. स्टेरॉइडच्या इंजेक्शनांचा लाभ या विकारात सिद्ध झालेला नाही.

शस्त्रक्रियेचा निर्णय व योग्य वेळ

काही महिने काळजी घेऊनही त्रास कमी न होणे, बधिरता सतत राहणे, पकडीचा जोर घटणे किंवा स्नायू झिजू लागणे ही शस्त्रक्रियेची प्रमुख कारणे होत. स्नायूंची झीज दिसू लागल्यावर वाट पाहत राहणे सामान्यतः हितावह मानले जात नाही.

यामागील कारण चेतेच्या वाढीच्या वेगात आहे. नष्ट झालेला अक्षतंतू पुन्हा वाढतो तो दिवसाला सुमारे १ मिलिमीटर या संथ गतीने. प्रौढ व्यक्तीच्या कोपरापासून तळहातातील लहान स्नायूंपर्यंतचे अंतर साधारणतः २५ ते ३० सेंटिमीटर असते. म्हणजे सर्व काही सुरळीत झाले तरी नवा तंतू तेथे पोहोचण्यास जवळजवळ वर्ष लागते. दुसरीकडे, चेतेचा संपर्क तुटलेला स्नायू एक ते दीड वर्षात नवा तंतू स्वीकारण्याची क्षमता मोठ्या प्रमाणात गमावतो. या दोन मुदतींमध्ये फारसे अंतर उरत नाही. त्यामुळे लवकर केलेली शस्त्रक्रिया झालेले नुकसान भरून काढू शकते, तर उशिरा केलेली शस्त्रक्रिया पुष्कळदा पुढील नुकसान थांबवण्यापुरतीच उपयोगी ठरते.

शस्त्रक्रियेच्या पद्धती

शस्त्रक्रिया सामान्य भूल देऊन किंवा काखेजवळ अथवा गळपट्टीच्या हाडाजवळ सुई देऊन केवळ हात बधिर करून केली जाते. साधे विमोचन केवळ जागेवर भूल देऊनही होऊ शकते. रक्तस्राव कमी राहावा म्हणून बहुधा दंडावर हवेचा पट्टा बांधतात. कोपराच्या आतल्या बाजूस छेद घेताना त्वचेची संवेदना वाहणाऱ्या एका बारीक चेतेच्या फांद्या आडव्या येतात. त्या जपणे हा सर्व पद्धतींतील पहिला नियम आहे.

साधे विमोचन: यात चेता तिच्या मूळ जागीच ठेवून वरील छत, म्हणजे ऑस्बोर्नचा अस्थिबंध व त्यापुढील स्नायूचे आवरण, कापून मोकळे केले जाते. चेतेला उचलले जात नसल्यामुळे तिच्याकडे येणाऱ्या सूक्ष्म रक्तवाहिन्या शाबूत राहतात. छेद लहान असतो, वेळ कमी लागतो व रुग्ण लवकर कामाला लागतो. खोबणीतून निसटणारी चेता किंवा हाडाची विकृती असल्यास मात्र ही पद्धत अपुरी पडू शकते.

दुर्बिणीद्वारे विमोचन: दोन-तीन सेंटिमीटरच्या छेदातून दुर्बीण घालून चेतेवरील बंध वर व खाली दूरपर्यंत कापले जातात. व्रण लहान राहतो. परंतु विशेष साधने व सराव आवश्यक असतो.

त्वचेखालील स्थलांतर: चेता खोबणीतून सोडवून हाडाच्या उंचवट्याच्या पुढे आणली जाते व त्वचेखालील चरबीत ठेवली जाते. ती परत मागे घसरू नये म्हणून आवरणाची एक सैल पट्टी आधाराला घेतात. चेता आता सांध्याच्या पुढे असल्यामुळे कोपर वाकवताना ती ताणली जाण्याऐवजी सैलावते. दंडातील विभाजक पडद्याची कडा या वेळी कापून काढावी लागते, नाहीतर पुढे आणलेली चेता तिच्यावर मुडपते आणि दाबाची नवी जागा तयार होते. कृश व्यक्तींत त्वचेखाली आलेल्या चेतेला मार लागण्याचा संभव राहतो.

स्नायूंतर्गत व स्नायूंखालील स्थलांतर: पहिल्या प्रकारात अग्रबाहूच्या स्नायूंमध्ये चर करून चेता त्यात ठेवतात. दुसऱ्या प्रकारात या स्नायूंचा हाडाजवळचा उगम सोडवून चेता त्यांच्या खाली, मीडियन चेतेच्या शेजारी ठेवून स्नायू पुन्हा शिवले जातात. चेतेला चांगले संरक्षण मिळते. पण ही मोठी शस्त्रक्रिया असून स्नायू जुळेपर्यंत हात जपावा लागतो. पूर्वीची शस्त्रक्रिया अयशस्वी ठरलेल्या रुग्णांत ही पद्धत अनेक शल्यचिकित्सक पसंत करतात.

उंचवट्याचे उच्छेदन: चेता न हलवता तिच्या पुढे आडवा येणारा हाडाचा उंचवटा अंशतः काढून टाकला जातो. हाड अधिक काढले गेल्यास आतल्या बाजूचा अस्थिबंध दुबळा होऊन सांधा अस्थिर होण्याचा धोका असतो, म्हणून आता थोडाच भाग काढण्याकडे कल आहे.

पद्धतींची तुलना

कोणती पद्धत श्रेष्ठ याविषयी शल्यचिकित्सकांत दीर्घकाळ मतभेद होते. नेदरलँड्समध्ये १५२ रुग्णांवर केलेल्या व २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत साधे विमोचन व त्वचेखालील स्थलांतर यांचे परिणाम सारखेच आढळले. गुंतागुंतीचे प्रमाण मात्र स्थलांतरात अधिक होते. त्यानंतर अशा चाचण्यांचे एकत्रित आढावे घेण्यात आले. कोक्रेन संस्थेच्या आढाव्यातही साधे विमोचन आणि स्थलांतर यांच्या फलितांत फरक आढळला नाही, आणि स्थलांतरानंतर जखमेत जंतुसंसर्ग होण्याचे प्रमाण अधिक आढळले. यामुळे हाडाची विकृती नसलेल्या व प्रथमच शस्त्रक्रिया होत असलेल्या रुग्णांत साध्या विमोचनाकडे कल वाढला आहे. चेता निसटत असल्यास, कोपर बाहेर झुकलेले असल्यास किंवा दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करायची असल्यास स्थलांतराचा विचार होतो.

शस्त्रक्रियेनंतरची काळजी

साध्या विमोचनानंतर मऊ पट्टी बांधून काही दिवसांतच कोपराची हालचाल सुरू केली जाते. टाके साधारणतः १० ते १४ दिवसांनी काढतात. स्नायूंखालील स्थलांतरानंतर दोन ते तीन आठवडे कोपराला आधार देऊन नंतर हळूहळू हालचाल वाढवली जाते व जड कामे काही महिने टाळली जातात. बोटे व खांदा यांची हालचाल पहिल्या दिवसापासून चालू ठेवणे आवश्यक असते. संवेदना परत आलेली नसेपर्यंत गरम भांडी, विस्तव व धारदार वस्तू यांपासून करंगळीची बाजू जपावी लागते. कारण भाजल्याची किंवा कापल्याची जाणीव रुग्णाला होत नाही.

गुंतागुंत

रक्त साकळणे, जंतुसंसर्ग व कोपराचा ताठरपणा या सर्वसामान्य गुंतागुंती आहेत. त्वचेच्या बारीक चेतेस इजा झाल्यास कोपराच्या मागे बधिरता किंवा स्पर्श सहन न होणारा दुखरा बिंदू राहतो. साध्या विमोचनानंतर चेता खोबणीतून निसटू लागणे आणि स्थलांतरानंतर ती नव्या जागी मुडपणे किंवा व्रणाच्या ऊतीत अडकणे हेही संभवते. लक्षणे कायम राहण्यामागे दाबाची एखादी जागा मोकळी न होणे, निदान चुकणे किंवा मूळ हानी भरून न येण्याजोगी असणे यांपैकी एखादे कारण असते. दुसऱ्यांदा केलेल्या शस्त्रक्रियेचे यश पहिल्यापेक्षा कमी असते.

परिणाम व मर्यादा

रात्रीच्या मुंग्या व वेदना पुष्कळदा काही दिवसांत किंवा आठवड्यांत कमी होतात, कारण दाब हटताच चेतेचा रक्तपुरवठा सुधारतो. स्थिर बधिरता ओसरण्यास महिने लागतात. स्नायूंचा जोर सर्वांत शेवटी व सर्वांत अपुरा परत येतो. पहिल्या श्रेणीतील बहुतेक रुग्ण समाधानकारक बरे होतात. तिसऱ्या श्रेणीत पूर्ववत हात मिळणे विरळ असते. वाढलेले वय, मधुमेह आणि दीर्घकाळ टिकलेली लक्षणे यांमुळे सुधारणा मंदावते.

तीव्र अवस्थेतील निवडक रुग्णांत मनगटाजवळच्या एका कमी महत्त्वाच्या स्नायूची चेता-शाखा अल्नर चेतेला जोडली जाते. नव्या तंतूंना तळहातापर्यंत थोडेच अंतर कापावे लागत असल्यामुळे स्नायू वाळण्यापूर्वी त्यांना चालना मिळण्याची शक्यता वाढते. स्नायू कायमचे निकामी झाल्यास दुसऱ्या स्नायूंचे स्नायुबंध वळवून बोटांची पकड सुधारता येते; त्याने संवेदना मात्र परत येत नाही.

कुष्ठरोग व अल्नर चेता

कुष्ठरोगाचे जंतू शरीराच्या तुलनेने थंड, त्वचेलगतच्या भागांत वाढतात. कोपराच्या किंचित वर अल्नर चेता अशाच जागी असते. त्यामुळे कुष्ठरोगात बाधित होणाऱ्या प्रमुख चेतांपैकी ती एक आहे आणि कोपरामागे चेता जाड झाली आहे का हे हाताने चाचपणे हा कुष्ठरोगाच्या तपासणीचा नेहमीचा भाग आहे. येथे दाब बाहेरून येत नाही. दाहामुळे सुजलेली चेता तिच्या स्वतःच्याच आवरणात आवळली जाते. यामुळे वळलेली बोटे ही जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत दुसऱ्या श्रेणीची, म्हणजे दृश्य, विकृती गणली जाते.

या प्रकारात बहुविध औषधोपचार व चेतादाहावर स्टेरॉइडची औषधे हा मुख्य उपचार होय. चेतेत पू साठल्यास किंवा औषधांनी दाह व वेदना न शमल्यास दाबमुक्तीची शस्त्रक्रिया केली जाते. केवळ औषधांच्या तुलनेत शस्त्रक्रियेने अधिक लाभ होतो, असे उपलब्ध चाचण्यांतून सिद्ध झालेले नाही.

वळलेल्या बोटांच्या पुनर्रचनेत भारतातील शल्यचिकित्सकांचे कार्य जगभर मान्यता पावले. पॉल ब्रँड यांनी वेल्लोर येथे १९४०च्या दशकाच्या अखेरीस स्नायुबंध वळवण्याच्या शस्त्रक्रिया सुरू केल्या. महाराष्ट्रात डॉ. नोशीर अंटिया यांनी पुण्याच्या कोंढवा येथील कुष्ठरोग रुग्णालयात व पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात हे काम केले. कुष्ठरुग्णांवर सर्वसामान्य रुग्णालयांतच उपचार व्हावेत, असा त्यांचा आग्रह होता.

इतिहास

इंग्लंडमधील हेन्री अर्ल यांनी १८१६ मध्ये एका मुलीच्या असह्य वेदनांवर उपाय म्हणून कोपराजवळ अल्नर चेताच कापली. वेदना थांबल्या, परंतु त्या चेतेचे कार्यही संपले. पॅरिसमधील फोतिनोस पानास यांनी १८७८ मध्ये जुन्या दुखापतीनंतर उशिरा येणाऱ्या अल्नर घाताचे वर्णन केले. अमेरिकेतील बेंजामिन फार्कर कर्टिस यांनी १८९८ मध्ये चेता न कापता तिचे त्वचेखाली स्थलांतर केल्याची नोंद केली. चेता कापण्याऐवजी तिला वाट करून देण्याचा विचार येथून रुजला.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ मध्ये, स्कॉटलंडचे जेम्स लिअरमंथ यांनी स्नायूंखालील स्थलांतराची पद्धत मांडली. १९५० मध्ये ऑस्ट्रेलियातील किंग व मॉर्गन यांनी हाडाचा उंचवटा काढण्याची पद्धत वर्णिली. इंग्लंडमधील जेफ्री ऑस्बोर्न यांनी १९५७ मध्ये बोगद्यावरील आडव्या पट्ट्याकडे लक्ष वेधून केवळ तो कापणे पुरेसे ठरते असे दाखवले. पुढच्याच वर्षी, १९५८ मध्ये, कॅनडातील फाइंडेल व स्ट्रॅटफर्ड यांनी या जागेला ‘क्युबिटल टनेल’ हे नाव दिले. १९९५ मध्ये त्साई व त्यांच्या सहकाऱ्यांनी दुर्बिणीद्वारे विमोचनाचे परिणाम प्रसिद्ध केले. मोठ्या शस्त्रक्रियांचा काळ उलटून गेल्यावर तुलनात्मक चाचण्यांनी ऑस्बोर्न यांच्या साध्या पद्धतीला पुन्हा अग्रस्थान मिळवून दिले.